भिंतीलगतचं टेबल : हॅटी मॅकडॅनियलचा हिशेब

नोकर माणसाला मालकाच्या गोष्टीत नाव नसतं. 'गॉन विथ द विंड' हा अमेरिकन सिनेमा १९३९ साली आला. त्यात एक थोराड काळी बाई आहे. मालकाच्या पोरीची ती वेणीफणी करते, तिच्या कमरेचे बंद आवळते, तिला रागावते, तिच्या दुःखात रडते. पावणेचार तासांच्या आसपासच्या त्या सिनेमात सगळे तिला 'मॅमी' एवढंच म्हणतात. मॅमी म्हणजे गोऱ्यांची पोरं सांभाळणारी काळी दाई. तिच्या आईबापानं तिचं नाव काय ठेवलं होतं, तिला नवरा होता का, तिची स्वतःची पोरं कुणाला विकली गेली, यातलं काहीही तो सिनेमा विचारत नाही.

हे काम जिनं केलं तिचं नाव हॅटी मॅकडॅनियल. ऑस्करसाठी नाव निघालेली आणि ते जिंकलेली ती पहिली काळी व्यक्ती. जिंकली त्या रात्री तिला हॉलमध्ये वेगळं बसवलं. मेल्यावर तिला हवी ती कबर दिली नाही. आणि जगली तोवर तिच्याच समाजातल्या पुढाऱ्यांनी तिला बोल लावला, की तू आमची बदनामी करतेस.

मित्रांनो, हा तिसरा मुद्दा आपल्या जिव्हारी लागणारा आहे, म्हणून हा लेख. ब्लॅक पँथर आपल्याला माहीत आहेत. १९६६ साली ऑकलंडला ते उभे राहिले आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडं काळ्यांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. म्हणजे नातं जुनं आहे. पण आपण तिकडचे लढवय्ये पाठ केले आणि तिकडच्या मोलकरणी सोडून दिल्या. मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. इतिहास मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पण मजुरीचा हिशेब मला कळतो, आणि हॅटीची गोष्ट मला मजुरीच्या हिशेबासारखीच वाचता आली.

१

हॅटीचा बाप हेन्री मॅकडॅनियल गुलाम म्हणून जन्मला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. दक्षिणेतल्या कापसाच्या मळेवाल्यांना गुलामगिरी टिकवायची होती. उत्तरेच्या फौजेत जवळजवळ १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. हेन्री त्यातला एक. लढाईत जखमी झाला, अधू झाला. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी गेली, पण हेन्रीच्या हातात पडली ती मोलमजुरी. जखमी सैनिकाच्या पेन्शनसाठी त्यानं वर्षानुवर्षं सरकारदरबारी अर्ज केले. काळ्या सैनिकाजवळ ना जन्माचा दाखला, ना डॉक्टरचे कागद. गुलामाच्या जन्माची नोंद कोण ठेवतो? कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या वारसांना, आणि पुढं १८९० नंतर ज्यांच्यासाठी इंग्रजांनी महार पलटणीचे दरवाजे बंद केले त्यांना, सरकारचं हे विसरणं वेगळं समजावून सांगायला नको.

अशा घरात १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी हॅटी जन्मली. तेरा भावंडांत शेंडेफळ. आई सुसान चर्चमध्ये गायची. घर पुढं कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला गेलं. हॅटीचा आवाज मोठा, पाठांतर पक्कं. शाळेत असतानाच तिनं कवितापठणात पदक मिळवलं. पण शिक्षण मधेच सुटलं आणि ती भावांबरोबर खेळांच्या दौऱ्यावर निघाली.

हे खेळ म्हणजे मिन्स्ट्रेल शो. याची गोष्ट नीट समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासायचे, ओठ मोठे रंगवायचे आणि काळ्या माणसाची नक्कल करायचे. आळशी, चोरटा, खादाड, उगाच हसणारा, मालकावर जीव टाकणारा. गोरं पब्लिक पोट धरून हसायचं. पुढं खुद्द काळ्या कलावंतांनाही स्टेजवर यायचं तर याच साच्यातून यावं लागलं. काळ्याच माणसानं तोंड आणखी काळं करायचं आणि स्वतःचीच टिंगल करायची, तेव्हा चार पैसे.

पण हॅटी त्या साच्यात गप बसली नाही. १९१४च्या सुमाराला तिनं आणि तिची बहीण एटानं सगळ्या बायांचाच संच काढला. तिथं समोर बसलेली माणसं काळी, आपली. त्यांच्यापुढं हॅटी मॅमीचीच थट्टा उडवायची. गोऱ्यांनी डोक्यात जपून ठेवलेली ती प्रेमळ, आज्ञाधारक दाई ती स्टेजवर अशी काही ताणून दाखवायची की लोकांना कळायचं, ही बाई खरी कुठंच नाही, गोऱ्यांनी बनवलेली आहे. हे लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांनी जगानं जिला मॅमी म्हणून ओळखलं, तिनं मॅमीचं ढोंग फार आधी ओळखलं होतं.

१९२० नंतर ती डेन्व्हरच्या जॉर्ज मॉरिसनच्या वाद्यवृंदात गायली, रेडिओवर गायली. १९२६ ते १९२९ या काळात तिच्या ब्लूज गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. त्यातली काही गाणी तिनं स्वतः रचलेली होती. मग १९२९ साली शेअर बाजार कोसळला, कंपन्या बुडाल्या, खेळ बंद पडले. मिलवॉकी शहरातल्या एका नाइटक्लबात हॅटीला काम मिळालं ते बायकांच्या संडासाबाहेर टॉवेल घेऊन उभं राहायचं. स्टेजवर फक्त गोरे कलावंत. एका रात्री गाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा हिला उभं केलं. ती गायली आणि मग तिथंच गात राहिली. गळा तिचा आधीपासून तोच होता.

२

१९३१ साली ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आणि बहिणी आधीच तिथं होत्या. सॅम रेडिओवर काम करायचा, त्यानं हिला कार्यक्रमात घेतलं. नाव झालं, पण पगार इतका थोडा की दिवसा लोकांच्या घरी धुणीभांडी करावी लागायची. सिनेमात कामं मिळू लागली ती कसली? मोलकरणीची. स्टुडिओत मोलकरीण, स्टुडिओबाहेर मोलकरीण.

इथं आकडा बघा. १९४० साली अमेरिकेत कामाला जाणाऱ्या काळ्या बायांपैकी शंभरातल्या साधारण साठ बाया परक्याच्या घरी घरकाम करत होत्या. १९३५ साली सरकारनं म्हातारपणाच्या पेन्शनचा मोठा कायदा केला. त्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळले. दक्षिणेत या दोन कामांत मुख्यतः कोण होतं, हे सांगायची गरज नाही. म्हणजे सिनेमा काळ्या बाईला मोलकरीण दाखवायचा ते सगळंच खोटं नव्हतं. खोटं होतं तिचं हसणं. मालकिणीच्या घरात ती सुखी आहे, तिला दुसरं काही नकोच, हे खोटं होतं.

आणि दुसरं काही दाखवायला बंदी होती. १९३४ पासून हॉलीवूडमध्ये जी नियमावली कडक लागू झाली, तिच्यात काळ्या-गोऱ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायला चक्क मनाई होती. मग काळी बाई नायिका कशी होणार? स्वयंपाकघराच्या दारापुढं तिची हद्द संपली. बाबासाहेबांनी १९२८च्या संपाच्या वेळी मुंबईच्या गिरणी युनियनपुढं मांडलेला प्रश्न आठवा. विणखात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि विटाळ होई. विणखात्यात पगार जास्त. आमच्या माणसाला रिंग खात्यात जागा, साच्यावर नाही. अंगात कसब असून खातं बंद. हॅटीचं तसंच होतं. तिला मिळालेलं खातं एकच, स्वयंपाकघर.

त्या एका खात्यात तिनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९३४ साली जॉन फोर्डच्या 'जज प्रीस्ट'मध्ये ती गायली. १९३५च्या 'अॅलिस अॅडम्स'मध्ये एका संध्याकाळच्या जेवणासाठी भाड्यानं आणलेली मोलकरीण तिनं केली. उकाड्यात घाम गाळत, तोंड वाकडं करत, पाय ओढत ती वाढते, आणि त्या खोट्या श्रीमंतीच्या घराची अब्रू एका जेवणात उघडी पडते. तिथं तिला आज्ञाधारक होण्यात काडीचाही रस दिसत नाही. दक्षिणेतल्या काही गोऱ्यांना ही मोलकरीण शेफारलेली वाटली. १९३६च्या 'शो बोट'मध्ये ती पॉल रॉबसनची बायको झाली. रॉबसन म्हणजे काळ्यांचा थोर गायक आणि कडवा लढवय्या. पुढं त्याचा पासपोर्ट सरकारनं काढून घेतला.

३

मग आला 'गॉन विथ द विंड'. मार्गारेट मिचेल या गोऱ्या बाईची १९३६ची कादंबरी. डेव्हिड सेल्झनिक निर्माता. गोष्टीचा सूर असा, की गुलामगिरीचा काळ किती सुंदर होता आणि उत्तरेच्या फौजेनं तो कसा उद्ध्वस्त केला. आपल्याकडं पेशवाईचे गोडवे गाणारी पुस्तकं आणि सिनेमे आहेत, त्याच जातीचं हे. शूटिंगआधीच काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी आणि संघटनांनी आवाज उठवला. काळ्या माणसाला हिणवायचा जो घाणेरडा शब्द कादंबरीत जागोजाग होता, तो सेल्झनिकला पटकथेतून काढावा लागला. ही चळवळीची कमाई. आपलं बोलणं वाया जात नाही याचा हा पुरावा.

मी हा सिनेमा मोबाइलवर तीन बैठकांत पाहिला, रात्रपाळी सुटल्यावर. गोष्टीचा राग येतो. पण हॅटी पडद्यावर आली की नजर तिच्यावरून हलत नाही. घरात कोण खरं बोलतंय, कोण ढोंग करतंय, हे फक्त तिलाच कळतं. शेवटाकडं एक जागा आहे. मालकाची लहान पोर मेलेली आहे आणि मॅमी जिना चढता चढता घरातला सगळा आकांत सांगते. ती जागा पाहून कुणाच्याही डोळ्यात पाणी येईल. लेखकानं तिला माणूस केलं नव्हतं. तिनं ते काम स्वतःच्या अंगानं केलं.

१५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जियातल्या अटलांटा शहरात सिनेमाचा पहिला खेळ झाला. तिथं काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायचा कायदा होता. गोरे नट-नट्या मिरवणुकीनं आले. हॅटीला आणि बाकीच्या काळ्या कलावंतांना येता आलं नाही. दक्षिणेसाठी छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेवरून तिचा फोटोही काढून टाकला. आदल्या रात्री गोऱ्यांचा जो नाच झाला, तिथं काळ्यांच्या एका चर्चच्या गायकवृंदाला गुलामांच्या वेषात उभं करून गायला लावलं. त्यात दहा वर्षांचा एक पोरगा होता. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. पुढं सोळा वर्षांनी माँटगोमेरीच्या बसवर बहिष्कार घालायला जो उभा राहिला तोच हा. गुलामाचा सदरा घातलेलं लेकरू त्या रात्री काय शिकलं असेल, तुम्हीच सांगा.

२९ फेब्रुवारी १९४०. लॉस एंजेलिसचं अँबॅसडर हॉटेल. त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. सेल्झनिकनं शब्द टाकला म्हणून हॅटीला आत घेतलं. पण आपल्या सिनेमाच्या मंडळींबरोबर तिला बसवलं नाही. लांब भिंतीलगत एक लहान टेबल लावलं, तिथं ती, तिच्याबरोबर आलेला एक गृहस्थ आणि तिचा गोरा एजंट. तिथून ती उठली, लांब चालत स्टेजवर गेली, सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर घेतलं, डोळे पुसत चार वाक्यं बोलली आणि परत भिंतीलगत जाऊन बसली. त्याच सिनेमातली गोरी नटी ऑलिव्हिया डी हॅविलँड त्याच बक्षिसाच्या यादीत होती. ती हरली. मुख्य टेबलावर बसून हरली.

बक्षीस म्हणजे तेव्हा सहाय्यक कलावंतांना पुतळा नव्हे, एक छोटी पाटी मिळायची. या पाटीचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी एवढं नोंदवून ठेवा, की यानंतर काळ्या नटाला अभिनयाच्या स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं ते सिडनी पॉइटियरला, १९६४ साली. काळ्या नटीला ते मिळालं व्हूपी गोल्डबर्गला, १९९१ साली. मधे ५१ वर्षं. एका बाईला दारातून आत घेतलं म्हणून दार उघडं झालं, असं समजणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

४

आता वादाकडं येऊ. काळ्यांची सर्वांत मोठी संघटना एन.ए.ए.सी.पी. तिचे सरचिटणीस वॉल्टर व्हाइट. दक्षिणेतल्या झुंडबळींची चौकशी त्यांनी जिवावर उदार होऊन केली होती. माणूस साधा नव्हता. १९४२ साली ते हॉलीवूडला गेले, स्टुडिओच्या मालकांना भेटले आणि म्हणाले, काळ्यांना मोलकरीण आणि हमाल दाखवणं थांबवा. मागणी रास्त होती. पण ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्या नटनट्यांना त्यांनी या बोलणीत विश्वासात घेतलं नाही. त्यांना पुढं आणायची होती ती लीना हॉर्न, देखणी, उजळ रंगाची गायिका. तिच्या करारात मोलकरणीची कामं नव्हती. झालं काय? स्टुडिओनं तिला सिनेमात एखाद्या गाण्यापुरती उभी केली, आणि दक्षिणेत सिनेमा जाताना तिचे तुकडे कापून टाकले. मालकानं दोन्ही बाजूंनी आपलंच साधलं.

हॅटीचं उत्तर प्रसिद्ध आहे. आठवड्याला सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचं सोंग करीन, नाही तर सात डॉलरवर खरी मोलकरीण व्हावं लागेल, अशा अर्थाचं बोलणं तिच्या नावावर सांगतात. मजूर माणूस म्हणून मला हे उत्तर पटकन पटतं. पण कार्यकर्ता म्हणून तिथंच थांबता येत नाही. कारण वॉल्टर व्हाइट जे म्हणत होते, तेच दुसऱ्या भाषेत बाबासाहेबांनी आपल्याला सांगितलं. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका. तेव्हाही शहाणे लोक म्हणाले, की यानं महारांचं उत्पन्न बुडेल. बाबासाहेबांनी ते उत्पन्न झुगारायला सांगितलं. मग हॅटी चुकली का?

मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. काम सोड म्हणणाऱ्यानं दुसरं काम मागण्यासाठी मालकाच्या छातीवर बसलं पाहिजे. बाबासाहेबांनी ढोरं सोडायला सांगितली आणि विणखात्याची मागणीही लावून धरली. वतन सोडा म्हणाले आणि वसतिगृहं काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५० साली औरंगाबादला कॉलेज उभं केलं. सोडण्याबरोबर धरायला काहीतरी दिलं. आणि ते ज्यांना सांगत होते त्यांच्यात उभं राहून सांगत होते. व्हाइट यांची मागणी बरोबर होती, पण मालकांनी तिला पानं पुसली, आणि मधल्यामधे मोलकरणीच्या रोजीवर गदा आली.

याचा अर्थ हॅटीचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. १९४६चा डिस्नेचा 'साँग ऑफ द साउथ' घ्या. मळ्यावरचे काळे किती आनंदात गात होते, असं त्यात दाखवलंय. तिनं त्यात काम केलं. आणि पडद्यावरची मॅमी फक्त तिची नव्हती. माल्कम एक्सनं आत्मचरित्रात लिहिलंय, की पोरवयात गोऱ्यांच्या गावात त्यानं 'गॉन विथ द विंड' पाहिला, थिएटरात काळा तो एकटाच, आणि बटरफ्लाय मॅक्वीनचं काम सुरू झालं तेव्हा त्याला शरमेनं गालिच्याखाली लपावंसं वाटलं. त्या पोराची शरम खरी होती. पगार हॅटीच्या हातात पडला, पण हसं सगळ्या काळ्यांचं झालं. हे विसरून तिची आरती ओवाळायची नाही.

आणि त्या बटरफ्लाय मॅक्वीननं पुढं काय केलं? मोलकरणीचीच कामं येतात म्हणून तिनं ती नाकारायला सुरुवात केली. मग मिळेल ते काम करून जगली आणि १९७५ साली, चौसष्ट वर्षांची असताना, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवी घेतली. एकीनं काम धरलं, एकीनं सोडलं. किंमत दोघींनी मोजली. सेल्झनिकच्या आणि स्टुडिओंच्या तिजोरीला काहीच फरक पडला नाही. आपण मात्र या दोन बायांना एकमेकींपुढं उभं करून भांडत बसतो.

५

हॅटीनं काय मिळवलं तेही मोजू. १९४२च्या 'इन धिस अवर लाइफ'मध्ये ती एका काळ्या पोराची आई होती. गोऱ्या पोरीनं गाडीखाली माणूस मारला आणि आळ या कायद्याचं शिकणाऱ्या पोरावर घातला. आई म्हणते माझा पोरगा घरी होता. त्या काळात पडद्यावर हे येणं लहान नव्हतं. १९४७ साली ती 'ब्यूला' या रेडिओमालिकेची नायिका झाली. पात्र मोलकरणीचंच, पण त्याआधी ते पात्र एक गोरा पुरुष आवाज काढून करत होता! हॅटीनं अट घातली, की मोडक्यातोडक्या बोलीत मी बोलणार नाही. रेडिओवर स्वतःची मालिका असलेली ती पहिली काळी बाई.

पण तिची सर्वांत मोठी लढाई पडद्यावरची नाहीच. ती घराची आहे. लॉस एंजेलिसच्या वेस्ट अॅडम्स भागात तिनं मोठं घर घेतलं. तिथं काही यशस्वी काळी माणसं राहायला आली होती. लोक त्या टेकाडाला शुगर हिल म्हणायचे. त्या काळी जमिनीच्या खरेदीखतातच कलम असायचं, की हे घर काळ्याला विकायचं नाही, काळ्यानं इथं राहायचं नाही, नोकर म्हणून राहिला तर चालेल. वाचा परत : नोकर म्हणून चालेल! गोऱ्या शेजाऱ्यांनी या कलमावर बोट ठेवून कोर्टात दावा लावला, की यांना बाहेर काढा. आजही शहरात घर भाड्यानं बघायला गेलं की आडनाव विचारतात, जेवणखाण विचारतात. कागदावर कलम नसतं एवढाच फरक.

हॅटी आणि तिचे शेजारी पळाले नाहीत. तिनं आपल्या घरी बैठका घेतल्या, लोक जमवले. वकील होते लोरेन मिलर, काळेच. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी दावा फेटाळला. चौदाव्या घटनादुरुस्तीनं काळ्यांना समान संरक्षण दिलंय, ते न्यायाधीशांनी फार काळ टाळलं, आता पुरे, असा त्यांच्या निकालाचा आशय. १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अशी कलमं कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, आणि त्या लढाईतही मिलर होतेच. म्हणजे पडद्यावर मालकाच्या घरात राबणारी बाई, स्वतःच्या घराच्या हक्कासाठी संविधान घेऊन कोर्टात उभी राहिली आणि जिंकली. तिला लाचार म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेलं नसतं. पुढं १९६०च्या दशकात त्याच शुगर हिलच्या पोटातून सरकारनं मोठा हमरस्ता काढला. वस्ती तुटली. कोर्टात हरलेले नकाशात जिंकतात, हेही आपल्या ओळखीचं आहे.

६

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी स्तनाच्या कॅन्सरनं हॅटी गेली. हॉलीवूडच्या कबरस्तानात मला पुरा, अशी तिची इच्छा होती. सिनेमाची मोठी माणसं तिथं पुरलेली. कबरस्तानानं नकार दिला. तिथं फक्त गोऱ्यांना जागा. मग रोझडेल कबरस्तानात तिला पुरलं. आपल्याकडच्या किती गावांत अजून आपली स्मशानभूमी वेगळी आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. १९९९ साली, ४७ वर्षांनी, हॉलीवूडच्या त्या कबरस्तानात नव्या मालकानं तिच्या नावाचा दगड उभा केला. २००६ साली तिचं टपाल तिकीट निघालं.

आणि ती पाटी? हॅटीनं मृत्युपत्रात ती हॉवर्ड विद्यापीठाला दिली. हॉवर्ड म्हणजे वॉशिंग्टनमधलं काळ्यांचं नामांकित विद्यापीठ. भिंतीलगत बसून मिळवलेली पाटी तिनं आपल्या पोरांच्या हाती दिली. १९६०च्या दशकाच्या शेवटी, १९७०च्या सुरुवातीला, कधीतरी ती तिथून नाहीशी झाली. मग कंडी पिकली, की आंदोलन करणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांनीच मॅमीची निशाणी म्हणून चिडून ती पोटोमॅक नदीत फेकली. याला पुरावा कुणीही दिलेला नाही. पण बघा, आळ कुणावर आला. चळवळीतल्या पोरांवर. १ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्करवाल्या अकादमीनं नवी पाटी करून हॉवर्डला दिली. ८३ वर्षांनी.

आता कामाचं बोलतो. आपल्या वस्त्यांत अशा बाया आहेत, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली, दुसऱ्यांची भांडी घासली, फडावर नाचल्या, सिनेमाच्या गर्दीत रोजावर उभ्या राहिल्या. आपण जयंतीला मोठ्यानं घोषणा देतो आणि या बायांचा विषय निघाला की खाली बघतो. ही शरम कुणी शिकवली, याचा शोध घ्या. त्यांच्याकडं वही घेऊन जा. नाव, गाव, कामाचं ठिकाण, मिळालेली मजुरी, मालकानं काय म्हणून हाक मारली, सगळं लिहून घ्या. कुणी काम का धरलं आणि कुणी का सोडलं, दोन्ही लिहा. त्यांचा न्याय करायची घाई करू नका. खातं कुणी बंद ठेवलं होतं आणि टेबल भिंतीलगत कुणी लावलं होतं, त्यांची नावं मात्र ठळक अक्षरात लिहा.

मॅमीला नाव नव्हतं. हॅटी मॅकडॅनियलला होतं. आपल्या बायांनाही आहेत. ती लिहून काढायचं काम आपलं.

जयभीम.